अठराशे रुपये गेले, झुरळं मात्र घरातच

*प्रिय ताई,*

*आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी आहे. दिवाळीपासून स्वयंपाकघरात झुरळांचा नुसता सुळसुळाट झालाय. रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला की ओट्यावरून दहा-बारा तरी पळतात. लहान, तपकिरी. स्प्रे मारून झाला, खडू ओढून झाला, जेल लावलं, मोरीच्या जाळीवर डांबरगोळ्या टाकल्या, आवाजाने किडे पळवणारं सातशेचं यंत्रही आणलं. महिनाभरात अठराशे रुपये गेले. बाल्कनीतल्या जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी धरलंय. कडुनिंबाच्या तेलात भांड्यांचा साबण कालवून मारलं, तर पानंच करपली. कढीपत्ता अळ्यांनी खाल्ला. आता गेल्या आठवड्यात दीर गावाहून आले. त्यांनी कपाशीवर मारायचं ‘मोनो’ कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणलंय. ‘दोन थेंब पुरे’ म्हणतात. मी अजून वापरलेलं नाही. घरात दीड वर्षाचा नातू आहे आणि एक मांजर. ‘हे’ म्हणतात, सरळ पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवू. नक्की कोणतं औषध चांगलं, तेवढं सांगा.*

*— झुरळांची यजमानीण, डोंबिवली*

यजमानीणबाई,

झुरळांचं नंतर. आधी उठा आणि ती कोल्ड्रिंकची बाटली कुलपात ठेवा. ओट्याखाली नको, फ्रिजवर नको, देवघराच्या मागेही नको. कुलपात. त्यावर जाड अक्षरात ‘विष’ असं लिहा. मग हात साबणाने धुवा आणि पुढे वाचा.

‘मोनो’ म्हणजे मोनोक्रोटोफॉस. ते मज्जासंस्थेवर काम करतं, किड्याच्याही आणि माणसाच्याही. पोटात जावं लागतं असंही नाही, कातडीतूनही शरीरात जातं. भाजीपाल्यावर ते वापरायला आपल्याकडे २००५ पासून बंदी आहे आणि तुम्ही ते स्वयंपाकघरात वापरायच्या विचारात आहात. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं माध्यान्ह भोजन जेवून २३ मुलं गेली, ती याच औषधाने. ते स्वयंपाकाच्या तेलात मिसळलं गेलं होतं. विषारी औषध आणि खाण्यापिण्याचं भांडं यांची गाठ पडली की काय होतं, ते तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं. तुमच्या घरात तर ते दीड वर्षाच्या मुलाच्या ओळखीच्या बाटलीत बसलंय.

दिरांचा हेतू चांगलाच असणार. गावाकडे जे हाताशी असतं ते माणूस आपुलकीने आणतो. पण त्यांना फोन करा आणि बाटली परत न्यायला सांगा. बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका. ते न्यायला येणार नसतील तर पालिकेच्या कचरा विभागात विचारा. २०१६ च्या घनकचरा नियमांतच कीटकनाशकांचे डबे-बाटल्या घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, ओल्या-सुक्यात टाकायच्या नाहीत. आणि देव न करो, पण घरात कुणाच्या तोंडात असलं काही गेलंच, तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा निदान नाव घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘काय घेतलं’ हाच पडतो, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीवर त्याचं उत्तर नसतं.

आता अठराशे रुपयांकडे येऊ.

तुम्ही विचारता, कोणतं औषध चांगलं. तुम्ही आणलेल्यांपैकी एक चांगलं होतं, पण बाकीच्यांनी त्याला काम करू दिलं नाही. जेल हे आमिष आहे. झुरळाने ते आवडीने खावं, चालत आपल्या फटीत जावं आणि तिथे मरावं, अशी त्याची योजना. स्प्रे आणि खडू नेमकं उलटं करतात. त्यांतली सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी द्रव्यं झुरळाला नकोशी असतात. समोर सापडलेलं मरतं, उरलेली त्या जागेपासून दूर पळतात. तुम्ही पाहुण्यासाठी ताट वाढलंत आणि उंबऱ्यावर मिरचीची धुरी दिलीत. जेवायला कोण येणार?

त्याहून मोठी गंमत डांबरगोळ्यांची. घरात दिसणारी झुरळं मुख्यतः दोन प्रकारची असतात, हे बहुतेकांच्या गावीच नसतं. मोरीतून, चेंबरमधून येतं ते मोठं, लालसर, प्रसंगी अंगावर उडणारं. तुमचं ते नव्हे. तुमची लहान, तपकिरी आहेत. एखादं मेलेलं उजेडात धरून पाहा, डोक्यामागे दोन काळपट उभ्या रेघा दिसतील. त्याला जर्मन झुरळ म्हणतात, जर्मनीचा त्यात काही दोष नसला तरी. हे मोरीत राहत नाही. उबदार, अंधाऱ्या, अंग घासेल इतक्या अरुंद फटीत राहतं: ट्रॉलीच्या चॅनलमागे, कपाटाच्या बिजागरीत, फ्रिजच्या मोटारीजवळ, मिक्सरच्या बुडाशी. म्हणजे तुम्ही मोरीवर पहारा ठेवलात आणि चोर ट्रॉलीत झोपलाय. शिवाय डांबरगोळ्या, म्हणजे नॅप्थलीन, लहान बाळांच्या घरात नकोतच. काही मुलांच्या रक्तात एका एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, आणि त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटतात. आपलं मूल त्यातलं आहे का, हे आपल्याला बहुधा माहीत नसतं.

हे झुरळ स्वतः चालत फार लांबून येत नाही, त्याला आपणच घरात आणतो. पुठ्ठ्याच्या खोक्यातून, किराण्याच्या पिशवीतून, दुसऱ्याचा वापरलेला फ्रिज किंवा मायक्रोवेव्ह घेतला तर त्यातून. ‘दिवाळीपासून’ असं लिहिलंयत, म्हणून विचारते: फराळाची किंवा भेटींची खोकी अजून माळ्यावर किंवा ओट्याखाली आहेत का? असतील तर आजच भंगारवाल्याला द्या.

आणि ते सातशेचं यंत्र. त्याची पावती शोधा, दुकानदार परत घेतो का पाहा. आवाजाने कीटक पळतात याला पुरावा नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ सालीच असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून अधिक जणांना तंबी दिली होती की दाव्यांना शास्त्रीय आधार दाखवा. आमच्या शेजारी असं एक यंत्र होतं. त्याच्या हिरव्या दिव्याच्या उबेला झुरळाची पिल्लं बसलेली मी स्वतः पाहिली आहेत.

तर आता काय करायचं? पहिले तीन दिवस काहीच मारायचं नाही. फक्त मोजायचं.

बाजारात झुरळांसाठी चिकट कार्डं मिळतात, विष नसलेली. चार आणा. एक सिंकखाली, एक फ्रिजमागे, एक शेगडीच्या बाजूला, एक डाळ-तांदळाच्या ट्रॉलीत. भिंतीला चिकटून ठेवा, कारण झुरळ मोकळ्या फरशीवरून नाही, कडेकडेने जातं. मांजराचा पंजा पोचणार नाही एवढं बघा. नाहीतर कार्ड शेपटीला लावून ती दिवाणखान्यात येईल, आणि खोबरेल तेल चोळून तो गोंद सोडवताना तुमचे हात ओरबाडून निघतील. तीन रात्रींनी कार्डं काढा, दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर चारही आकडे लिहा. मोठी किती, पिल्लं किती, तेही.

लोकांना हे वेडेपणाचं वाटतं. पण ‘कमी झाल्यासारखी वाटतात’ यावर विसंबून आपण औषधं बदलत राहतो. स्प्रे मारल्यावर आठवडाभर ती दिसत नाहीत, कारण ती आत दडतात. आपल्याला वाटतं गेली. मग येतात, आपण दुसरा डबा आणतो. मोजलेल्या आकड्याला असं फसवता येत नाही. आणि कोणत्या कार्डावर सगळ्यात जास्त आहेत, त्यावरून त्यांचं बिऱ्हाड कुठे आहे ते कळतं. बहुतेक घरांत चारपैकी एकाच कार्डावर गर्दी असते. जेल तिथे लावायचं, सगळ्या घरभर नाही.

जेल लावण्याआधी आधीच्या स्प्रेचे आणि खडूचे डाग साबणाच्या पाण्याने पुसून काढा. ट्रॉल्या बाहेर काढाव्या लागतील, एक रविवार जाईल. ‘ह्यां’ना हाताशी घ्या, ट्रॉली उचलायला पेस्ट कंट्रोलवाला लागत नाही. मग जेल. फिप्रोनिलचं किंवा इमिडाक्लोप्रिडचं, यांपैकी कुठलंही एक. मसुराएवढे ठिपके, पुष्कळ आणि लहान. एका जागी भला मोठा गोळा ठेवून उपयोग नाही. बिजागरीच्या आत, चॅनलच्या मागे, सिंकच्या पाइपाभोवती, फ्रिजच्या मागच्या खालच्या कडेला. नातवाचं बोट आणि मांजराची जीभ पोचणार नाही अशाच ठिकाणी. सुदैवाने झुरळांच्या आवडत्या जागाही तशाच असतात. त्यानंतर ठिपक्यांच्या जवळपास फिनेल नको, स्प्रे नको. आवरत नसेल तर डबा शेजारणीकडे ठेवायला द्या.

जेलची खरी करामत यापुढची आहे आणि ती जरा किळसवाणी आहे. जेल खाल्लेलं झुरळ फटीत जाऊन मरतं. झुरळं एकमेकांची विष्ठा खातात, मेलेल्याला खातात. लहान पिल्लं तर फारशी बाहेर पडतच नाहीत, मोठ्यांच्या विष्ठेवर जगतात. त्या वाटेने औषध त्यांच्यापर्यंत जातं, जिथे तुमचा स्प्रे कधीच पोचला नसता. चहा पिताना वाचत असाल तर माफ करा.

दोन-चार दिवसांत दिवसाउजेडी भेलकांडत चालणारी झुरळं दिसतील. दिसू द्या, ते लक्षण चांगलं आहे. सात दिवसांनी पुन्हा कार्डं लावून मोजा, मग चौदाव्या दिवशी, मग अठ्ठाविसाव्या. अठ्ठाविसावा दिवस चुकवू नका. मादी अंड्यांचं पाकीट पोटाला धरून हिंडते, त्यात तीस-चाळीस अंडी असतात आणि पाकिटाचं कवच औषधाला दाद देत नाही. महिन्याभराने नवी पिल्लं बाहेर पडतात, तेव्हा ठिपके ताजे हवेत. अनेकजण ‘पंधरा दिवस छान गेले’ म्हणून इथेच थांबतात.

जेलला कुणी तोंडच लावलं नाही असं दिसलं तर? तसंही होतं. आमिषात घातलेली साखर काही झुरळांना कडू लागते. ग्लुकोज टाळणारी जर्मन झुरळं नव्वदच्या दशकातच आढळली होती, आणि २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्यांच्या जिभेची, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचीच, कामाची रीत बदललेली असते. गोड आमिष खाणारी मेली, न खाणाऱ्यांची प्रजा वाढली. अशा वेळी वेगळ्या द्रव्याचं, वेगळ्या कंपनीचं जेल घ्या. पण दोन आठवडे वाट पाहून आणि आकडा बघून, दुसऱ्याच दिवशी नाही.

कणीक-साखर-बोरिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचं कुणीतरी सुचवेलच. त्या लागू पडतात, हळू का होईना. माझी आई वर्षानुवर्षं करायची. पण पेढ्यासारख्या दिसणाऱ्या गोळ्या आणि जमिनीवर रांगून सापडेल ते तोंडात घालणारा नातू, हे एका घरात नको. खडूचंही तेच. मुलाला तो खडूच वाटणार.

औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी. ही झुरळं अन्नाशिवाय बरेच दिवस काढतात, पाण्याशिवाय नाही. रात्री सिंक कोरडं पुसा, ओलं फडकं बाहेर वाळत टाका, गळका नळ दुरुस्त करा, मांजराची वाटी रात्री उचलून ठेवा. तिला पाणी हवंच असेल तर वाटी बाल्कनीत.

बाल्कनीचं नाव निघालंच आहे तर जास्वंदीकडे वळू. तो रोग नाही, कीड आहे: पिठ्या ढेकूण. रस शोषतो, चिकट गोड द्रव सोडतो, त्यावर काळी काजळी चढते आणि तो द्रव खायला मुंग्या येतात. मुंग्या नुसत्या खातच नाहीत, त्या ढेकणांना राखतात, त्यांचे शत्रू हाकलतात. त्यामुळे आधी मुंग्यांची वाट तोडा. कुंडी भिंतीपासून आणि दुसऱ्या झाडांपासून सुटी करा, खोडाभोवती चिकट पट्टी किंवा पेट्रोलियम जेलीचा पट्टा द्या. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवण्याचा सल्ला मिळेल, पण ठेवलीत तर दर आठवड्याला घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी आणि तेवढे दिवस पुरतात.

मग जास्त लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. उरलेल्या झाडावर पाण्याची जोरदार धार मारा. निम्मे तिथेच जातात, फुकटात. त्यानंतर कडुनिंबाचं तेल. तुमची पानं करपली ती नुसत्या तेलामुळे नसावीत, भांड्यांच्या जहाल साबणामुळे असावीत, आणि बहुधा तुम्ही दुपारच्या उन्हात मारलंत. लिटरभर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब आधी विरघळवा, मग ५ मिली तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवा. आणि सगळ्या झाडावर लगेच मारू नका! दोन पानांवर मारा, दोन दिवस थांबा. ती पानं धडधाकट राहिली तर संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, पूर्ण झाडावर. कडुनिंबातलं काम करणारं द्रव्य उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळ. आठवड्याच्या अंतराने तीनदा. एका फवाऱ्याने काही होत नाही, कारण त्या मेणचट कापसाच्या आत अंडी राहतात. दोन जास्वंदी असतील तर एकीवर फक्त पाण्याची धार मारा, दुसरीवर तेल. महिन्याने तुम्हालाच कळेल तेलाला पैसे घालायचे की नाही.

एक मात्र नीट बघा. त्या पांढऱ्या गर्दीत एखादा जरा मोठा, झिपऱ्या-झिपऱ्यांचा, चपळ चालणारा दिसला तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असते. दिसते अगदी पिठ्या ढेकणासारखी आणि खाते पिठ्या ढेकणांनाच. हा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणला गेला, आणि आता द्राक्षबागायतदार तो विकत घेऊन बागेत सोडतात. मी एकदा माझ्या सीताफळावरच्या अशा वीस-पंचवीस अळ्या चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात बुडवल्या होत्या, मोठ्या अभिमानाने. पुढच्या पंधरवड्यात झाड पांढरंफटक झालं. पपईवरच्या पिठ्या ढेकणाची मोठी लाट आपल्याकडे आली, तीही शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या एका बारीक परजीवी गांधीलमाशीने आटोक्यात आली. फवारण्या करून शेतकरी आधीच टेकीला आले होते.

कढीपत्त्यावरच्या अळ्या आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या आणि मग हिरव्यागार दिसतात का? तर ती लिंबाच्या फुलपाखराची पिल्लं. हाताने वेचून चार-पाच दुसऱ्या फांदीवर राहू द्या. नातवाला फुलपाखरू निघताना दाखवता येईल. कढीपत्ता पुन्हा फुटतो. फोडणीत जाणाऱ्या पानावर विष मारण्याइतका हा प्रश्न मोठा नाही. मिरची, तुळस, कढीपत्ता यांच्या मुळाशी इमिडाक्लोप्रिडसारखी झाडात मुरणारी औषधंही घालू नका. ती धुऊन जात नाहीत, आणि फुलावर येणाऱ्या मधमाशीलाही सोडत नाहीत.

पुढे काहीही विकत घ्याल तेव्हा डब्यावरचा तिरका चौकोन बघा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, त्यातल्या त्यात सौम्य. लाल आणि पिवळा राहत्या घरात आणूच नका. सुट्ट्या पुडीतलं, विना-लेबल बाटलीतलं तर नाहीच, मग ते दिरांनी आणलेलं का असेना. घरी मांजर आहे म्हणून आणखी एक: परमेथ्रिन मांजराला घातक असतं. कुत्र्यांच्या गोचिडांचं औषध तिला लावू नका.

‘ह्यां’चं म्हणणंही अगदीच चुकीचं नाही. वाळवी लागली असती तर मीच म्हटलं असतं की आजच बोलवा. आणि अठ्ठाविसाव्या दिवशीही आकडा निम्म्यावर आला नसेल, तर झुरळं बहुधा शेजारच्या घरातून पाइपाच्या भोकातून येताहेत. मग तुमचं एकटीचं घर करून उपयोग नाही, वर-खालची घरंही एकाच वेळी करावी लागतील. सोसायटीच्या सभेत विषय काढा. येणाऱ्या माणसाला कृषी विभागाचा परवाना आहे का विचारा, कोणतं द्रव्य मारणार ते पावतीवर लिहून मागा. ‘हर्बल आहे, वास नाही, काळजी नको’ एवढंच उत्तर मिळालं तर चहा पाजून पाठवून द्या. आमच्याकडे असाच एकजण बिनवासाचं हर्बल मारून गेला होता. दुसऱ्या दिवशी माशांच्या टाकीतले चारही मासे उताणे.

पहिल्या तीन रात्रींचा आकडा मोठा येईल, घाबरू नका. तो लिहा, त्यापुढे तारीख घाला, आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचा त्याच्या शेजारी लिहून मला दोन्ही कळवा. बाटली गेली की नाही, ते मात्र त्याआधीच कळवा.